चाकांचा डबा आणि आमची चढाची गल्ली

कचऱ्याचं एक बरं असतं. कितीही साठला तरी सकाळी घंटागाडी येते आणि घेऊन जाते. किश्शांची तशी गाडी येत नाही. ते घरातच साठत जातात आणि कुणी पाहुणं चहाला टेकलं की आपोआप बाहेर सांडतात. आमच्या गल्लीतल्या बायका एकत्र बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ए, ते माकडाचं सांग की." माकड झालं की सुभेदार, सुभेदार झाले की डबा. तोवर चहा गार, दूध उतू, आणि पाहुणीची बस गेलेली.

आमची गल्ली साताऱ्यात, डोंगराच्या अंगाला, चांगली उभ्या चढाची. वर यायचं म्हटलं की रिक्षावाला आधी आभाळाकडे बघतो. घंटागाडी तर चढतच नाही. ती खाली गिरणीपाशी थांबते, गाणं लावते, आणि गाडी चालवणारा नामदेवच चालत वर येऊन डबे उचलतो. गाडी कधी सातला, कधी दहाला. म्हणून सगळ्याजणी सकाळीच डबा दारात ठेवून कामाला लागतात. डबा दारात ठेवल्यापासून नामदेव येईपर्यंतचा जो वेळ आहे ना, तोच सगळा घोटाळ्याचा. कुत्री येतात, कावळे येतात, वारा येतो. वरच्या घरातली कांद्याची सालं खालच्या घराच्या तुळशीत.

मला याची एवढी काळजी असण्याचं कारण म्हणजे आमची ओवी. वर्ष उलटून गेलं तरी ती चालत नव्हती. रांगायची मात्र अशी, की मागं पळून माझा दम जायचा. आणि वाटेत जे सापडेल ते थेट तोंडात. तिच्या तोंडातून मी काय काय काढलंय ते सांगितलं तर तुम्ही हातातला कप खाली ठेवाल. अंड्याचं टरफल. शांपूच्या पुडीचा कोपरा. एकदा तर गोळ्यांचं रिकामं पाकीट.

डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही तिला. खाली सोडा, चालेल." आता आमची घरं दोन-दोन खोल्यांची. खाली सोडायची तर गल्लीतच, आणि गल्लीत हे असलं. म्हणून पोर सदा माझ्या कडेवर. तिचे पप्पा तिकडं लांब फौजेत. रोज व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "चालली का?"

मी म्हणायची, "आधी गल्ली तर स्वच्छ होऊ द्या."

*

पहिला उपाय सीमाचा. सीमा माझी शेजारीण, एमआयडीसीत कामाला जाते, त्यामुळं तिला सगळं झटपट लागतं. ती म्हणाली, "डबा खाली ठेवला तर कुत्री येणारच. पिशवी गेटच्या वरच्या टोकाला अडकवायची. कुत्र्याला काय उडता येतंय?"

सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीभर गेटांना पिशव्या लोंबायला लागल्या. कुत्री खाली बसून वर बघत राहिली. मला वाटलं, जिंकलो.

डोंगरावरच्या माकडांचा विचारच कुणी केला नव्हता.

गल्लीत वरच्या अंगाला रिटायर सुभेदार राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. मिशा पांढऱ्या, आवाज अजून ड्यूटीवर. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि गोड खायला काकूंची सक्त मनाई. एक भलंमोठं माकड नेमकं त्यांच्याच गेटची पिशवी घेऊन त्यांच्याच गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसलं. शांतपणे एकेक वस्तू काढायचं, बघायचं आणि खाली सोडायचं. चहाचा चोथा सोडला. भेंडीची देठं सोडली. मग कंदी पेढ्यांचा एक बॉक्स काढला, आतून चाटला, आणि बरोब्बर काकूंच्या पायाशी टाकला.

काकूंनी बॉक्स उचलला. "आवं, ह्यो कुनाचा?"

"असंल शेजाऱ्यांचा," काका म्हणाले.

दुसरा बॉक्स पडला.

"पिशवी आपली हाय," काकू म्हणाल्या.

"माकडाचं काय घेऊन बसलीस. कुठनंबी आनतंय ते."

काकूंनी वर बघितलं. माकडाच्या हातात तिसरा होता.

त्या दिवसापासून गेटला पिशवी अडकवायला काकांचा कडक विरोध. कारण विचारलं तर म्हणाले, "गल्लीची शोभा जातीया."

*

मग डबे परत खाली आले आणि कारभार काकांनी हातात घेतला. रोज सकाळी सगळे डबे एका रांगेत. झाकणाचा दांडा डोंगराच्या बाजूला. एकदा सीमाचा डबा चार बोटं पुढं होता, तर काका डब्यासमोर उभे राहून म्हणाले, "तीन नंबर, एक कदम पीछे." डबा काही हलला नाही. सीमानं धावत येऊन हलवला.

रांग लागली, आता पहारा. गाडी येईपर्यंत एका घरातल्या माणसानं काठी घेऊन डब्यांजवळ बसायचं. काका त्याला संत्री ड्यूटी म्हणायचे. आमच्या घरची पाळी आली तेव्हा मी ओवीला भरवत होते, म्हणून सासूबाई गेल्या. पाट टाकला, काठी मांडीवर घेतली, बसल्या.

गाडी येऊन गेली. डबे जागच्या जागी, एक कागद इकडचा तिकडं नाही. काका खूश. म्हणाले, "वैनींची ड्यूटी सगळ्यात फस्ट क्लास."

लोकांनीच मग गळ घातली, की रोज तुम्हीच बसा. सासूबाई रोज बसायला लागल्या. डब्यांना कुत्रं तोंड लावेना. पण आमच्या घरात चपात्या पुरेनात. मी म्हटलं, कणीक तर तेवढीच मळतेय, जातंय कुठं? आणि गल्लीत नवीनच चेहऱ्यांची कुत्री दिसायला लागली. गिरणीजवळची, बाजारातली, एक तर गळ्यात पट्टा असलेलं.

एका सकाळी काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सासूबाई पाटावर, समोर अर्धगोलात सगळी कुत्री, आणि पदराखालनं एकेक चपाती निघतेय.

"वैनी," काका म्हणाले, "संत्रीनं काय करायचं असतं?"

"राखन करायची असती."

"आन् तुमी काय करताय?"

"मग राखनच करतीया की. पोट भरलेलं कुत्रं कशाला डब्यात तोंड घालंल?"

काकांना फौजेत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी समोरची कुत्री एकदा मोजली आणि म्हणाले, "त्या पट्टेवाल्याला दुसरी देऊ नका. त्यो घरचा खाऊन येतोय."

*

चपात्या परवडेनात म्हणून पहारा उठला आणि लाल पाण्याच्या बाटल्या आल्या. तुम्ही बघितल्या असतील, आपल्याकडं घरोघरी असतात. बाटलीत पाणी भरायचं, कुंकू नाहीतर लाल रंग कालवायचा आणि दारात ठेवायची. लाल रंगाला कुत्रं भितं म्हणतात. कोण म्हणतं ते माहीत नाही, पण सगळेच म्हणतात.

आम्ही प्रत्येक डब्याला चारी बाजूंनी चार बाटल्या लावल्या. गल्ली अशी दिसायला लागली, की जसं काही सरबताचं दुकानच. मी ओवीला बाटल्यांपासून लांब ठेवायला आणखी घट्ट धरायला लागले.

त्याच आठवड्यात काकांकडं त्यांचे फौजेतले जुने सोबती आले, पंजाबकडचे सरदारजी. सकाळी दोघे गेटात चहा पीत उभे. सरदारजींनी बाटल्या बघितल्या आणि विचारलं, "ये क्या है, सूबेदार साब?"

काका ताठ झाले. "ये हमारे इधर का बंदोबस्त है. लाल रंग देखा की कुत्ता पास नहीं आता. घबराता है."

सरदारजी मान डोलावतायत तोवर खालून एक तांबडं कुत्रं आलं. डब्याला एक चक्कर मारली. चारी बाटल्या हुंगल्या. त्यातली एक पसंत केली, आणि पाय वर करून अगदी निवांत बाटली भिजवली.

सरदारजींनी बाटलीकडं बघितलं. चहाचा घोट घेतला.

काका म्हणाले, "ये वाला नया भरती हुआ है. इसको अभी मालूम नहीं."

*

एक माझाही किस्सा आहे, मीच सांगते, नाहीतर सीमा तिखटमीठ लावून सांगते.

माझं म्हणणं असं होतं, की कुत्री वासाला येतात. डब्याला वासच नसेल तर? म्हणून मी नामदेव गेला की डबा घासायला घ्यायची. आतून, बाहेरून, गरम पाण्यानं, साबणानं. आमचा झाला की हात ओला आहेच म्हणून शेजारचा. हळूहळू गल्लीतले सगळेच डबे माझ्याकडं यायला लागले. ओवीला एका बाजूला झोळीत टाकायची, आणि दुसऱ्या बाजूला घासत बसायची. माझ्या आईनं फोनवर विचारलं, "काय करतीस गं दिवसभर?" मी सांगितलं. ती जतकडच्या खेड्यातली. तिथं ओलं सगळं शेळ्यांना जातं आणि उरलेलं उकिरड्यावर. ती म्हणाली, "तुला सासरी तरास हाय का?"

तर एका दिवशी डबे लख्ख घासून मी आमच्या कट्ट्यावर उन्हात पालथे मांडले. निळे, हिरवे, ओळीनं. मी आत ओवीला झोपवत होते. सासूबाई दारात शेंगा फोडत बसलेल्या. वरच्या देवळाला निघालेली एक बाई थांबली.

"ह्यो निळा कसा दिला?"

मी आतून ऐकतेय. मला वाटलं, सासूबाई सांगतील की हे कचऱ्याचे आहेत. पण सासूबाईंचं माहेर बाजारपेठेतलं. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "निळा मजबूत हाय. हिरव्यापरीस निळाच न्या."

"झाकान हाय का?"

"झाकान हाय की. दळान ठेवा, तांदूळ ठेवा."

मी ओवीला तशीच घेऊन बाहेर पळाले. तोवर बाईनं डबा उचलून आत नाक घालून बघितला होता आणि सुवासावर खूश होती. तो डबा काकांचा होता. मी कसाबसा परत घेतला, तर ती बाई नाराज होऊन गेली.

मी म्हटलं, "आत्या, आवं कचऱ्याचा डबा विकताय?"

"दारात आलेलं गिऱ्हाईक आसं परत लावायचं नसतंय," सासूबाई म्हणाल्या. आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

*

शेवटी वॉर्डातल्या मेंबरनं गल्लीला एक मोठा डबा दिला. चार चाकांचा, वर घट्ट झाकण, कमरेएवढा उंच. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या त्यात टाकायच्या, आणि गाडी आली की डबा ढकलत खाली गिरणीपाशी न्यायचा. नामदेवच्या गुडघ्यांना बरं आणि गल्लीलाही बरं. मला तर इतका आनंद झाला की मी ओवीला नेऊन दाखवला.

डबा गल्लीच्या वरच्या टोकाला आणून ठेवला. काकू म्हणाल्या, "पूजा करायला पायजे. चाकं हायती म्हंजे गाडीच की."

कुणाला नाही म्हणता येईना. आपल्याकडं सायकल आणली तरी पूजा होते. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आणि नव्या गाडीला करतात तसं चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. काकांनी सलामी दिली. पेढे वाटले. काकांना अर्धा मिळाला, तो काकूंनी परत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमा पिशवी घेऊन डब्यापाशी गेली आणि तशीच परत आली.

"काय गं?"

"हात धजंना. हार घातलेला हाय त्येला."

मी गेले. माझाही हात धजेना. कपाळाला कुंकू लावलेल्या डब्यात खरकटं कसं टाकायचं? सगळ्याजणी एकेक करून गेल्या, नमस्कार करून परत आल्या. जुने डबे परत दारात आले, कुत्री परत आली, आणि चाकांचा डबा वर हार घालून रिकामा उभा. असे दोन-तीन दिवस गेले. एकीनं तर त्याच्यापुढं उदबत्ती लावली.

मी ओवीला कडेवर घेऊन सासूबाईंपुढं रडायचीच बाकी होते. "आत्या, काहीतरी करा. गल्लीत पाऊल ठेवायला जागा न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, "येवढंच न्हवं? बसवलंय तर उठवू या. गनपतीची न्हाई का उत्तरपूजा करत? अक्षता टाकायच्या, मूर्ती जराशी हलवायची. देव गेले. मग उरला नुसता डबा."

हे सगळ्यांना पटलं. गल्ली जमली. सासूबाईंनी हार उतरवला, अक्षता टाकल्या. वाकून चारी चाकांखालची लिंबं काढून घेतली, चांगली होती म्हणून ओच्यात ठेवली. मग हात जोडले आणि डबा जरासा हलवला.

आमची गल्ली चढाची आहे हे मी सांगितलंय. वरून बघितली की ती उताराची असते.

डबा आधी हळूच निघाला, जसा काही विचार करतोय. मग त्याला वाट सापडली. काका ओरडले, "थांब!" सीमा पळाली, तिच्या मागं मी ओवीला घेऊन, माझ्या मागं काकू, काकूंच्या मागं सासूबाई, ओच्यात लिंबं धरून. कुत्री बाजूला झाली. गेले कित्येक दिवस जे लाल बाटल्यांना जमलं नव्हतं ते त्या डब्यानं एका फेरीत केलं. डबा सगळी गल्ली सरळ रेषेत उतरला, गिरणीच्या पायरीला हलकेच टेकला आणि थांबला, बरोबर घंटागाडीच्या मागं.

आम्ही धापा टाकत पोचलो. नामदेवनं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"वैनी," तो म्हणाला, "रिकामाच पाठवलाय."

*

कुलपाचा किस्सा छोटासा आहे, पण सांगते. डब्याच्या चाकाला ब्रेक असतो हे नामदेवनं दाखवलं, तेव्हा पळायचा प्रश्न मिटला. मग एक दांडगं कुत्रं डबा आडवा पाडून झाकण उघडायला शिकलं. काकांनी उपाय केला. झाकणाला कडी बसवली आणि कडीला कुलूप. चावी एकच, काकांकडं. आम्ही कचरा घेऊन गेलो की काका येऊन उघडणार, आम्ही टाकणार, काका लावणार.

एका सकाळी सीमानं डबा ढकलत खाली नेला. नामदेव म्हणाला, "उघडा." काकूंकडं चावी मागितली, तर काका पहाटेच्या बसनं फलटणला लेकीकडं गेलेले. फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"काका, चावी कुठाय?"

"माज्या खिशात."

"मग आता कचऱ्याचं काय करायचं?"

काकांनी उलट विचारलं, "कुलूप लागलेलं हाय न्हवं?"

"हाय की."

"मग कचऱ्याला काय होत न्हाई," काका म्हणाले. "मी परवा येतो."

त्यानंतर कुलूप निघालं आणि सीमानं तिच्या नवऱ्याच्या सायकलची जुनी ट्यूब कापून झाकणावरून आवळून बसवली. डबा पडला तरी झाकण उघडत नाही, आणि माणसाला एका हातानं काढता येते. पिशवीला गाठ, डबा गच्च भरायचा नाही, आणि गाणं ऐकू आल्याशिवाय तो भिंतीपासून हलवायचा नाही. एवढ्यावर भागलं. आम्ही मधे इतकं सगळं का केलं, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

*

तर गल्ली स्वच्छ झाली. मी ती दोनदा झाडली, एकदा पाण्यानं धुतली, आणि ओवीला खाली सोडली. ओवी बसली. मी लांबून हात पुढं केले. ओवी बसून राहिली. टाळ्या वाजवल्या, खुळखुळा दाखवला. ती रांगत माझ्यापर्यंत आली आणि परत बसली. असं रोज. माझ्या वडिलांनी गावच्या सुताराकडून लाकडी पांगुळगाडा करून पाठवला, चाकांना रंग दिलेला. ओवीनं त्याला हातसुद्धा लावला नाही. त्यात बाहुली झोपवली.

सासूबाई म्हणायच्या, "चालंल गं. कुनाची पोर बसून ऱ्हायलीया?" पण माझं मन ऐकेना. मला वाटायचं, कडेवर घेऊन घेऊन मीच तिचं चालणं घालवलं.

त्या दिवशी सकाळी खालून गाणं ऐकू आलं. डबा न्यायची पाळी सीमाची. आमची पद्धत अशी, की उताराच्या बाजूला उभं राहायचं, डब्याला पाठ लावायची आणि त्याला अडवत अडवत हळूहळू उतरायचं. सीमानं ब्रेक काढला. मी नेहमीसारखी पुढं चालत होते, जमिनीकडं बघत, काही पडलंय का ते शोधत. ओवीला भिंतीपाशी सासूबाईंजवळ बसवलेली.

अर्ध्या गल्लीत आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मागं कुणी बोलत नाही. आमच्या गल्लीत बायका गप्प झाल्या म्हणजे नक्की काहीतरी झालंय. मी वळून बघितलं. डबा येत होता. डब्याखाली चार चाकं. आणि मागच्या दोन चाकांच्या मधे दोन पावलं, वाळे घातलेली.

एक पुढं पडत होतं. मग दुसरं.

मी बाजूला झाले, तर ओवीनं डब्याच्या मधल्या कडेला दोन्ही हातांनी धरलं होतं. पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? तो डबा आज घासलेला नाही, आणि तेच हात ती तोंडात घालणार. मी पदराला बांधलेली सॅनिटायझरची बाटली काढली.

"जागची हललीस तर बघ," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

सीमाची पाठ डब्याला. तिला काहीच दिसत नव्हतं. "काय झालं गं? थांबू का?"

"थांबू नको," सगळ्याजणी एकदम म्हणाल्या.

काका ओवीच्या मागं दोन्ही हात पसरून वाकून चालत होते. त्यांचा आवाज इतका हळू आम्ही कधी ऐकला नव्हता. "चलने दो. चलने दो. डबा थांबला की पोर बसंल."

पण गल्ली संपत आली होती. खाली गाडी उभी, आणि नामदेव डबा उचलायला हात पुढं करून तयार. त्यानं सीमाकडं बघितलं, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं, मग चाकांच्या मधे. जाऊन स्टिअरिंगवर बसला आणि गाडी अगदी सावकाश पुढं काढली.

पुढं गाडी, गाडीमागं सीमा, सीमामागं डबा, डब्यामागं ओवी, ओवीमागं काका, काकांच्या मागं मी, आणि माझ्या मागं गल्लीतल्या बायका, ज्यांच्या पिशव्या टाकायच्या राहिल्या होत्या त्या पिशव्यांसकट. गाडीवर गाणं चालू. गिरणीवाला पीठभरल्या अंगानं बाहेर आला. दुचाकीवाले थांबले. एकानं विचारलं, "कसली मिरवनूक हाय?"

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. ओवीचे पप्पा, व्हिडिओ कॉल. माझी नजर ओवीवरून हलेना, म्हणून सासूबाईंनी फोन काढून घेतला आणि ओवीवर धरला.

तिकडं त्यांचा चेहरा अगदी फोनला चिकटला.

"आये," ते म्हणाले, "चालतीया?"

"बघ की."

त्यांच्या मागं चार-पाच जवान गोळा झालेले दिसत होते. सगळे वाकून फोनमधे बघतायत. यांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

"ढकलतीया काय गं ती?"

सासूबाईंनी डब्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. फोन जरासा वर उचलला.

"पांगुळगाडा."

"येवढा मोठा?"

"आता आसलंच मिळत्यात."

"आन् गानं कुठं वाजतंय?"

"ते त्येच्यातच येतंय," सासूबाई म्हणाल्या.